उडीद सोलणारे सात जण

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्यांनी ती पाहिली त्यांचे डोळेही आता उरले नाहीत.

एक मिठागरांचा देश होता. पांढऱ्या मिठावर ऊन पडे आणि चाळिशीतच माणसांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरे. सुईच्या टोकाने तो बाजूला सारणारी एकच म्हातारी वैद्यीण साऱ्या राज्यात होती. तिच्या दारी आंधळ्यांची रांग असे. पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात.

एकदा ती राजाकडे गेली. म्हणाली, "महाराज, मी पिकलं पान. मला सात माणसं द्या आणि सात वर्षं द्या."

राजा मनाचा वाईट नव्हता. त्याने सात हुशार तरुण दिले, वर म्हातारीला शालही दिली. तिला फार आनंद झाला. आपली विद्या आपल्याबरोबर जळणार नाही, एवढंच तिला हवं होतं.

वर्षाने राजा पाहायला आला. सातही जण ओसरीवर बसून सुईने भिजल्या उडदाचं साल काढत होते. दाण्याला ओरखडा गेला की म्हातारी तो फेकून दुसरा देई.

राजा हसला. "आजी, वडे करायचे आहेत का?"

दरबारीही हसले. त्यांना काय, राजा हसला की हसायचं.

"हात स्थिर होतोय, महाराज. अजून सहा वर्षं."

"रांग दारात उभी आहे आणि तुम्ही उडीद सोलत बसता? काम करता करता शिकतील."

"त्यांचा हात दाण्यावर थरथरतो. डोळ्यावर काय करेल?"

पण राजाला घाई. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्याने सातांना पागोटी बांधली, हातात सुया दिल्या आणि सात गावी धाडून दिलं.

पुढचं सांगताना माझाच जीव कासावीस होतो. ज्यांना निदान उजेड कळत होता, त्यांना तोही कळेनासा झाला. लोकांनी सातांना दगड मारून हाकललं. पुन्हा सुई धरायची नाही, अशी त्या सातांनी शपथ घेतली. त्यानंतर कोणत्याही आईबापांनी आपलं लेकरू म्हातारीकडे शिकायला पाठवलं नाही.

म्हातारी एकटीच राबत राहिली.

काही वर्षांनी राजाच्या डोळ्यांसमोर धुकं दाटलं. तो प्रधानाचा हात धरून तिच्या ओसरीवर आला.

"आजी, माझे डोळे!"

तिने चाचपडत त्याचा चेहरा शोधला. तिचे दोन्ही डोळे मिठासारखे पांढरे झाले होते.

"महाराज, सुई आहे. हातही आहे. मलाच दिसत नाही."

राजाने तिचा हात धरला. "नवे सात जण देतो. सात वर्षं काय, चौदा देतो!"

"उडीद मी बोटांनी तपासेन हो. पण डोळ्यात सुई कुठवर गेली, ते त्यांना कोण सांगणार?"

राजा रांगेच्या शेवटी जाऊन खाली बसला. मग मागून आलेल्या एका आंधळ्याने चाचपडत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "दादा, रांग सरकते का?"

तात्पर्य : शिकणाऱ्याला पुरता वेळ न देणाऱ्या राज्यात, गरज पडेल तेव्हा शिकवणाराही उरत नाही.