चनुली सुईणीचं वाहन

उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरांत देवखाल नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात चनुली नावाची एक सुईण राहत असे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुठेही बाळंतपण असलं की तिलाच बोलावणं यायचं. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती. म्हणून लहानथोर सगळे तिला आमा म्हणत. त्या मुलखात आजीला आमा म्हणतात.

आमाचे हात अजून पक्के होते, पण गुडघे थकले होते. उन्हाळ्यात ती काठी टेकत चढण चढायची. हिवाळ्यात वाटा बर्फाखाली जायच्या आणि तिचे हाल व्हायचे. तरी तिने कधी कुणाचं बोलावणं परत पाठवलं नाही.

गावाचा मुखिया जमनसिंग तरुण होता. मनाने उमदा आणि स्वभावाने हौशी. एकदा भर थंडीत त्याने आमाला वाटेकडेच्या दगडावर बसून गुडघे चोळताना पाहिलं. त्याच आठवड्यात त्याने गाव गोळा केलं.

"आमाला बसायला एक जनावर घेऊ या," तो म्हणाला. "ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं."

कुणीही मागे राहिलं नाही. कुणी पैसे दिले, कुणी लोकर दिली, कुणी घरचं तूप आणून ठेवलं.

पावसाळा सरल्यावर खालच्या खोऱ्यात जनावरांचा बाजार भरला. जमनसिंग तिकडे गेला आणि एका घोड्यापाशी त्याचे पाय थबकले. घोडा पांढराशुभ्र होता. उंच, सडपातळ, मान कमानीसारखी. शेजारच्या गावच्या वैद्याकडेही घोडा होता, पण तो ह्याच्या पासंगालाही पुरला नसता. किंमत वर्गणीच्या बाहेर होती. कमी पडले ते पैसे जमनसिंगाने पदरचे घातले आणि घोडा घेऊन तो वाजतगाजत गावात आला.

आमा दारात उभी होती. घोड्याने मान खाली केली आणि तिच्या ओंजळीत ऊन ऊन श्वास सोडला. आमाच्या डोळ्यांना धारा लागल्या. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या घरी आनंद पोचवला होता. इतकी देखणी वस्तू तिच्या दारात कुणी कधी आणून बांधली नव्हती.

"एवढं कशाला रे केलंस, पोरा?" ती म्हणाली.

"तू बस तर खरी, आमा! आता वैद्यबुवांनी बघत राहावं!" जमनसिंग म्हणाला. सगळे हसले.

घोड्याचं नाव चांदण होतं. आमा त्याला रोज सकाळी कोमट पाणी पाजायची, फडक्याने अंग पुसायची, त्याच्याशी बोलायची. पहिले काही आठवडे फार सुखाचे गेले. वाटा कोरड्या होत्या, आणि आमा घोड्यावर बसून वस्तीवस्तीवर जात होती.

मग बर्फ पडलं.

पहिल्याच बर्फात खडकोटहून सांगावा आला. खडकोट ही वर खिंडीपलीकडची वस्ती. तिथल्या मोतिमाला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण होती. आमाने औषधांची थैली घेतली आणि ती घोड्यावर बसली.

गावाबाहेरची चढण लागली आणि चांदण थांबला. त्याने एक पाय पुढे टाकला, तो सरकला. दुसरा टाकला, तोही सरकला. त्याचे लांब पाय थरथरायला लागले. आमाने त्याला चुचकारलं, गोड बोलून पुढे नेलं. थोड्या अंतरावर तो गुडघ्यांवर आला आणि आमा बर्फात पडली. तिला फारसं लागलं नाही. पण उठून पाहते तर घोड्याचे डोळे भीतीने पांढरे झालेले. पातळ कातडीखालून त्याचं सगळं अंग शहारत होतं. आमाने आपली घोंगडी काढून त्याच्या पाठीवर टाकली. लगाम हातात धरला, आणि एका हाताने काठी टेकत, दुसऱ्या हाताने घोड्याला ओढत ती खिंड चढू लागली.

एकटी असती तर ती केव्हाच पोचली असती. आता तिला स्वतःलाही सांभाळायचं होतं आणि घोड्यालाही.

खडकोटला पोचली तेव्हा मोतिमाचं मूल जन्माला आलेलं होतं. ते निळं पडलं होतं आणि रडत नव्हतं. मोतिमाची सासू त्याला हातांवर घेऊन नुसती बसली होती.

आमाने बाळ हिसकावलंच. तोंडातला चिकटा काढला, तळवे चोळले, पाठीवर चापट्या मारल्या, हळुवार फुंकर घातली. आमाच्या ओठांवर देवाचं नाव होतं आणि हात थांबत नव्हते. शेवटी त्या इवल्या छातीतून एक बारीक किंकाळी निघाली. मोतिमा हंबरडा फोडून रडली. सासूने भिंतीला डोकं टेकलं.

बऱ्याच वेळाने सासू म्हणाली, "आमा, इतका उशीर तुला कधीच झाला नव्हता गं."

त्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते आमाला जास्त लागलं.

ती गावात परतली तेव्हा जमनसिंग वाटच पाहत होता. "काय आमा, घोडा कसा चालला?" त्याने उत्साहाने विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आमाच्या जिभेवर आलेले शब्द मागे फिरले. "छान चालला हो," ती म्हणाली आणि लगबगीने घरात गेली.

त्यानंतर बोलावणं आलं की आमा घोडा गोठ्यात ठेवायची आणि मागच्या दाराने पायीच निघायची. कुणी पाहू नये म्हणून डोक्यावरून घोंगडी ओढून घ्यायची. गुडघे ठणकायचे, पण त्याहून मन ठणकायचं. पुन्हा उशीर झाला तर? पुन्हा एखादं बाळ निळं पडलं तर? आणि खरं सांगावं तर गावाने केवढ्या मायेने दिलेली वस्तू! त्या मायेला नाकारायचं कसं?

तिच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. घोड्याला नुसता सुका चारा पुरत नव्हता. त्या थंडीत त्याला जव आणि हरभरे लागत. जमनसिंगाने दर घरामागे वाटीभर जव ठरवून दिले होते. एका दुपारी विणकरीण बायजा जव घेऊन आली. आमाने सहज विचारलं, "काय गं, लेकरं जेवली का?"

"पेज प्यायली," बायजा म्हणाली आणि ओशाळून हसली. "जरा पातळ करते हल्ली. चालतं तेवढं, आमा. तुझ्या घोड्याला नको का?"

आमाने ते जव तिच्या पदरात परत ओतले. "जा, लेकरांना भाकरी करून घाल," ती म्हणाली. त्या दिवशी तिला घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी ती बोलावण्यावर पायी निघाली, तर ओढ्याच्या वळणावर समोरून जमनसिंग आला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. घोडा नव्हता.

"आमा, चालत निघालीस?" त्याचा चेहरा उतरला. "आमची भेट तुला आवडली नाही वाटतं."

आमाला वाटलं, घोड्याला जरा बरं नाही, असं सांगून सुटावं. शब्द अगदी ओठांवर होते. पण डोळ्यांसमोर मोतिमाचं निळं बाळ आलं. तिने काठी बर्फात रोवली आणि जमनसिंगाचा हात आपल्या हातात घेतला.

"आवडली रे. फार आवडली," ती म्हणाली. "इतकी आवडली की मी तुझ्याशी खोटं बोलले. हा घोडा बर्फात चालत नाही, जमन. त्याचा दोष नाही. त्याचे पाय सपाट मुलखाचे आहेत. त्याला ओढत नेता नेता मला उशीर झाला आणि मोतिमाचं लेकरू हातचं जात होतं. आणि त्याच्या पोटासाठी आपली लेकरं पातळ पेज पितात. एवढी ऐपत आपल्या गावाची नाही. मला हे आधीच सांगायला हवं होतं. तुझं मन मोडेल म्हणून गप्प राहिले."

जमनसिंगाचा हात आमाच्या हातात होता, पण नजर दुसरीकडे होती. त्याला वाईट वाटलं होतं. रागही आला होता. पण कुणाचा, ते त्याला कळत नव्हतं.

"मी बाजारात त्याला पाहिलं," तो हळूच म्हणाला, "तेव्हा वाटेचा विचारच केला नाही. तू त्याच्यावर बसून शेजारच्या गावातून जाशील, लोक बघत राहतील, एवढंच डोळ्यांपुढे होतं."

"मलाही मजा वाटलीच की त्यात," आमा म्हणाली. दोघंही थोडं हसले.

हवा उघडली तसे दोघं चांदणला घेऊन खोऱ्यात उतरले. बर्फ संपलं आणि सपाट माळ लागला, तशी घोड्याने मान वर केली. एका सधन शेतकऱ्याने त्याला निरखलं, लगाम धरून थोडं फिरवलं आणि वर बसून टाच मारली. चांदण धावला. त्याची शेपटी वाऱ्यावर पसरली, टापांनी माती उडाली. पाहता पाहता तो माळाच्या पार टोकाला पोचला. आमाने त्याला असं धावताना कधीच पाहिलं नव्हतं.

"अगंबाई," ती म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. "हा तर ह्याच्यासाठी जन्मला होता. आणि मी त्याला गोठ्यात बांधून ठेवलं होतं."

घोडा विकून आलेल्या पैशांतून त्यांनी एक खेचर घेतलं. बुटकं, जाड पायांचं, अंगावर दाट राखाडी केस, कान एवढे मोठे. दिसायला काहीच नव्हतं. पण जमनसिंगाने ह्या वेळी घाई केली नाही. विक्रेत्याला विचारून त्याने खेचराला ओढ्यातल्या निसरड्या दगडांवरून चालवून पाहिलं. खेचर प्रत्येक पाऊल आधी टेकवून बघायचं आणि मगच भार टाकायचं. ते काय खातं, तेही जमनसिंगाने विचारलं. सुकं गवत चालतं, असं कळलं. उरलेल्या पैशांत बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे नाल आले, पाठीवर टाकायला लोकरीचा जाड नमदा आला, आणि थोडे जवही आले. ते जव त्यांनी घरोघर परत वाटले.

परतताना वाट शेजारच्या गावातून होती. वैद्यबुवा अंगणात बसले होते. "काय मुखिया," ते म्हणाले, "घोडा देऊन हे काय आणलंत?" आजूबाजूचे खो खो हसले. जमनसिंगाचे कान लाल झाले.

आमा खेचरावरून शांतपणे म्हणाली, "हसू दे रे. हसणाऱ्यांच्या घरीही बाळंतपणं असतातच."

आमाने खेचराचं नाव बुटकू ठेवलं. तो हिवाळा मोठा कडक गेला, पण आमाला कुठेही उशीर झाला नाही. बुटकू हळू चालायचा, पण थांबायचा नाही. बर्फाखाली पोकळी असली की मात्र तो जागीच उभा राहायचा. मग आमाने कितीही हाकललं तरी हलायचा नाही, वळसा घालूनच पुढे जायचा. आमा आता वेळेआधी पोचायची. तिला तेल कोमट करायला सवड मिळायची. घाबरलेल्या पोरींचा हात धरून बसायला मिळायचं.

हिवाळा सरता सरता जमनसिंगाच्या बहिणीची वेळ आली. तिची वस्ती खिंडीपलीकडे होती आणि आदल्या दिवसापासून बर्फ कोसळत होतं. जमनसिंग आमाबरोबर निघाला. वाट दिसत नव्हती. तो बुटकूच्या पावलांत पाऊल टाकत मागून चालला. पुढे आमा खेचराच्या मानेवर हात ठेवून बसली होती आणि त्याच्याशी काहीबाही बोलत होती.

घरी पोचताच आमा आत गेली. जमनसिंग बाहेरच्या छपराखाली बुटकूपाशी उभा राहिला. आतून बहिणीचं कण्हणं येत होतं. त्याच्याने ते ऐकवेना. त्याने बुटकूच्या दाट केसांत तोंड खुपसलं आणि डोळे मिटले. खेचर हललं नाही. त्याच्या अंगाची ऊब जमनसिंगाच्या गालाला लागत राहिली.

मग बाळाचा आवाज आला. एकदम मोठा, खणखणीत, सगळ्या घरावर हुकूम सोडावा तसा.

"मामा झालास रे, जमन!" आमा आतून ओरडली. "दोघी ठणठणीत आहेत!"

जमनसिंगाने बुटकूचा मोठा, केसाळ, बर्फाने भिजलेला कान हलकेच दोन्ही हातांत धरला आणि तिथे तोंड नेऊन आधी त्यालाच सांगितलं, "पोरगी झाली."

तात्पर्य: वाहन घेताना लोक काय म्हणतील ते पाहू नये; आपली वाट कशी आहे आणि आपली ऐपत किती आहे ते पाहावं. आणि मायेने दिलेली वस्तू कामाची नसेल, तर तेही तितक्याच मायेने पण वेळेवर सांगावं.