राणीसरकारांचा हुकूम

फार जुनी गोष्ट. घाटमाथ्यावर जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. तिथल्या राणीने ऊन पाहिलं होतं ते फक्त लग्नाच्या दिवशी. त्यानंतर नुसता अंधार आणि अंडी.

त्या वर्षी डोंगरभर कारवी फुलली. सात वर्षांतून एकदा फुलते ती. पुढच्या बहराला आपण नसू, हे राणीला ठाऊक होतं.

"मला एकदा बाहेर जाऊन बघू द्या," ती म्हणाली.

"अगंबाई! राणीसरकारांनी का पंख मळवावेत?" थोरली कामकरी माशी लवून म्हणाली. "सरकारांनी फक्त अंडी घालावीत."

"मग हा माझा हुकूम समजा. वाट सोडा!"

"हुकूम शिरसावंद्य, सरकार!" सगळ्या जणी मुजऱ्याला वाकल्या. जागची मात्र एकही हलली नाही.

राणीच्या अंगाचा तिळपापड झाला. कसली सरकार? तीन पावसाळ्यांत तिचं एक तरी कुणी ऐकलं होतं का? सरकार, इकडे सरा. सरकार, खाऊन घ्या. वर मुजरा करायचा आणि आत कोंडून ठेवायचं!

कारवी सुकली. राणीची अंडी कमी झाली, तशी तिच्या डोळ्यांदेखत नव्या राणीची कोठडी बांधली गेली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

एके सकाळी आतून मेण कुरतडल्याचा आवाज आला. बाहेर मुजऱ्यासाठी रांग लागली. म्हातारी राणी कोठडीला तोंड लावून म्हणाली,

"पोरी, या तुला सरकार म्हणतील. हुरळू नकोस. आधी वाट सोडायला सांग, आणि किती जणी हलतात ते बघ."