एक्केचाळिसावं घर

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो. इतकी जुनी, की तेव्हा समुद्राकाठच्या त्या गावात सगळ्यांत मिळून एकच पुस्तक होतं.

ते पुस्तक एका संन्याशाने प्रार्थनेची वाट चालू पाहणाऱ्यांसाठी लॅटिन भाषेत लिहिलं होतं. गावच्या मास्तरांनी ते गावाच्या भाषेत आणलं. मास्तर दूरच्या शहरात शिकून आले होते आणि त्यांना चार भाषा येत. रोज अर्धं पान लिहायचं आणि संध्याकाळी बायकोला वाचून दाखवायचं, असं करत त्यांनी चाळीस पानं पुरी केली. जिथे तिच्या कपाळाला आठी पडे, तिथे मास्तर पुन्हा लिहीत.

गावात एक चाल होती. राखेच्या बुधवारी, उपासाचे चाळीस दिवस सुरू होताना, फादर त्या पुस्तकाचा दोरा उसवत आणि पानं सुटी करून घरोघर एकेक देत. मग रोज संध्याकाळची घंटा झाली, की ज्याने त्याने आपलं पान शेजारच्या घरी न्यायचं, ते मोठ्याने वाचून दाखवायचं, आपल्याला त्यातलं काय लागलं ते एका वाक्यात सांगायचं, पान तिथेच ठेवून, घोटभर पाणी पिऊन परतायचं. चाळीस पानं, चाळीस संध्याकाळी, चाळीस घरं. उपास संपून पुनरुत्थानाचा सण आला की पानं पुन्हा शिवली जात आणि पुस्तक देवळातल्या कपाटात जाई.

गावात घरं मात्र एक्केचाळीस होती.

एक्केचाळिसावं घर मास्तरांचं. ते फेरीतून कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं, “मास्तरांना काय वाचून दाखवायचं? त्यांनीच तर लिहिलंय.” सगळ्यांना ते पटलं. मास्तरही हसले. तेव्हा घरात बायको होती आणि सगळं पुस्तक तिला येत होतं.

मग ती गेली. मास्तर म्हातारे झाले. स्वतःजवळ ठेवलेलं कच्चं हस्तलिखित उघडलं की त्यांना प्रत्येक शब्दाची शंका येई. हा शब्द बरोबर होता का? संन्याशाला हेच म्हणायचं होतं का? समोर कपाळ उरलं नव्हतं, मग आठी कुठून दिसणार? शेवटी त्यांनी ते हस्तलिखितही देवळाला देऊन टाकलं.

दर रविवारी देवळातली मिस्सेची प्रार्थना झाली, की उंडीच्या झाडाखाली सगळा गाव जमे आणि आठवड्याच्या पानांवर बोले. माणसं चटयांवर मांडीला मांडी लावून बसत. मास्तरांसाठी खुर्ची असे, जरा अंतरावर. वाद झाला की घंटा वाजवणारा पेद्रू वळून विचारी, “मास्तर, बरोबर ना?” मास्तर म्हणत, “बरोबर.” आणि घरी जाताना वाटभर त्यांना वाटत राही, की आपण चुकीचं तर सांगितलं नाही?

मास्तरांच्या अलीकडचं घर कात्रीनबायचं. ती एकटी विधवा होती, केळीची वाडी करायची. तिला वाचता येत नसे. पान घेऊन येणाऱ्याला ती तीनतीनदा वाचायला लावी, सगळं डोक्यात भरून घेई आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी तोंडपाठ म्हणून दाखवी. कागद हातात असे, तो नुसता नियमाला.

मास्तरांच्या दारावरून तिला रोज जावं लागे. घंटा झाली की मास्तरांचे कान तिच्या चपलांकडे लागत. चपला जवळ येत, दारासमोर जरा मंद होत, पुढे जात. आपण वाट पाहतो हे तिला दिसू नये, म्हणून घंटेच्या आधीच ते दार लावून घेत. एवढा शिकलेला माणूस, आणि एक पान ऐकायला मिळावं म्हणून आशाळभूतासारखा बसलाय, असं लोक म्हणतील. दार लावून ते आत खुर्चीत बसत, हात गुडघ्यांवर ठेवून. अशी किती वर्षं गेली.

एका वर्षी उपासाचे दिवस निम्मे झाले असताना, भर दुपारी, मास्तरांचं दार वाजलं.

दारात कात्रीनबाय होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात एक ओला कागद.

“मास्तर, माझ्या हातून घात झाला,” ती म्हणाली. “केळींना पाणी लावत होते. पान कनवटीला होतं, वाकले तर पाटात पडलं. धावत जाऊन काढलं, पण बघा.”

शाई धुऊन गेली होती. कागद कोरा होता.

“कितवं पान?”

“तेविसावं. संध्याकाळी पुढं द्यायचंय. हस्तलिखित मागायला जाऊन फादरांना काय तोंड दाखवू? तुम्ही परत लिहून द्या. तुम्हाला तर पाठच असणार.”

मास्तरांनी कागद उन्हात धरला. सुकल्यावर चौरंगावर पसरला, बोरू घेतला, दौतीत बुडवला. आणि हात थांबला.

तेविसावं पान. त्यांनी डोळे मिटले. पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही. बोरूच्या टोकावरची शाई वाळून गेली.

“काय झालं?” कात्रीनबायने विचारलं.

खोटं काहीतरी लिहून द्यावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मास्तरांनी लिहिलंय म्हटल्यावर कोण तपासणार? पण समोर ती उभी होती, आणि तिला ते पान येत होतं.

“मला आठवत नाही, बाय,” मास्तर म्हणाले. “एकही शब्द आठवत नाही.”

कात्रीनबाय त्यांच्याकडे पाहत राहिली. मग जमिनीवरच मांडी घालून बसली.

“मग लिहा. मी सांगते.”

तिने सांगायला सुरुवात केली. “प्रार्थनेला बसशील आणि आत काही हलणार नाही, असे दिवस येतील. विहिरीला कोरड पडते तशी तुला कोरड पडेल. तेव्हा उठून जाऊ नकोस. रिकाम्या घरात बसून राहा. ज्याची तू वाट पाहतोस, तोही तुझ्या दाराबाहेर उभा आहे आणि तुझ्या हाकेची वाट पाहतो आहे.”

मास्तर लिहीत होते. विहिरीची कोरड त्यांची नव्हती. त्यांनी तिथे काहीतरी जड संस्कृत शब्द घातला होता. वाचणाऱ्यांच्या तोंडून या घरातून त्या घरात जाताना तो कुठेतरी गळून पडला होता. त्यांनी तो आठवायचा प्रयत्न केला नाही. शेवटच्या ओळीशी त्यांचा हात पुन्हा थांबला.

“हे असं आहे त्यात?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच लिहिलंय की.”

“मी लिहिलं असेल. ऐकलं आज.”

“तुमच्याकडे पान येत नाही ना,” ती हळूच म्हणाली. “मला रोज वाटतं. मी तुमच्या दाराशी थांबते, मास्तर. एकदा खोकलेसुद्धा होते. पण दार बंद. म्हटलं, विद्वान माणूस, वाचत बसला असेल. कशाला त्रास द्या.”

“मी आतच असायचो,” मास्तर म्हणाले. “दाराकडे कान लावून.”

“चार भाषा येतात म्हणे तुम्हाला. एकीतही ‘आत या’ म्हणता आलं नाही?”

मास्तरांनी लिहिलेलं पान उचलून तिच्या हातात दिलं.

त्या रविवारी उंडीच्या झाडाखाली मास्तर खुर्चीवर बसले नाहीत. पेद्रूला जरा सरकायला सांगून चटईवर बसले. मग म्हणाले, “तेविसावं पान मला येत नव्हतं. बाकीचीही येत नसतील. माझ्या घरी वाचून दाखवायला कुणी येत नाही. मी कधी या म्हटलं नाही, हेही खरं.”

पेद्रूने बोटांवर हिशेब केला. “फादर, पानं चाळीस. मास्तरांना फेरीत घेतलं तर रोज एक घर कोरडं राहील.”

“राहू दे,” फादर म्हणाले. “रोज वेगळं राहील. एका घराच्या वाट्याला सगळ्या रिकाम्या संध्याकाळी गेल्या. आता प्रत्येकाने एक घ्यावी.”

तसंच झालं. मास्तरांकडे पान येऊ लागलं आणि दुसऱ्या दिवशी ते पोचवायला मास्तरांनाही बाहेर पडावं लागू लागलं. ज्या घराची पाळी रिकामी जाई, तिथली माणसं त्या संध्याकाळी मास्तरांना रस्त्यात भेटली की नजर खाली घालत.

पुढच्या वर्षी मास्तरांच्याच घराची रिकामी संध्याकाळ आली. आदल्या दिवशी कात्रीनबायच्या घरी पान आलं नव्हतं, तेव्हा आज ती काय आणणार? घंटा झाली. चपला जवळ आल्या, दारासमोर मंद झाल्या.

दार उघडं होतं.

“आज हातात काही नाही, मास्तर,” ती बाहेरूनच म्हणाली.

“आत या,” मास्तर म्हणाले.

म्हणून सांगतो: ज्याला सगळं येतं असं आपण धरून चालतो, त्याचंही दार वाजवावं, आणि ज्याला सोबत हवी, त्याने आतून कडी लावून बसू नये.