नगाऱ्याआधीचा सूर्य

एका राज्यात सूर्य उशिरा उगवत असे.

राज्य डोंगरातलं, पूर्वेच्या अगदी कडेचं, जेमतेम चाळीस गावांचं. नाव सोनवळ. साऱ्या पृथ्वीवर पहिला किरण पडायचा तो सोनवळच्याच डोंगरावर. पण सोनवळ हे नऊ राज्यांच्या मेळातलं एक, आणि मेळाचा दिवस सुरू होई तो राजधानीतल्या नगाऱ्याने. राजधानी तिकडे दूर पश्चिमेला. तिथे चक्रवर्ती सवडीने उठत, स्नान करत, पूजा आटोपत, मग नगाऱ्यावर टिपरी पडे. तोवर सूर्य सोनवळच्या डोंगरामागे अर्धा प्रहर ताटकळत उभा राही. चार पिढ्यांमागे राक्षसाची धाड आली, तेव्हा सोनवळचा राजा मेळाच्या आश्रयाला गेला. त्या वेळी राजधानीच्या मांत्रिकाने सूर्याचा पहिला किरण लाल नाड्याने, तीन गाठी मारून, नगाऱ्याला बांधला. शाप म्हणा की करार म्हणा, बांधला तो बांधला.

त्या अर्ध्या प्रहरात गाई पान्हा सोडत नसत. कमळं अर्धी उघडून तशीच राहत. आणि त्या वेळात एखादं मूल जन्मलं, तर जोशीबुवा बोटांवर मोजून मोजून थकत. त्या मुलाला जन्मवेळच नसे. बाकी सोनवळला काही कमी नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. राक्षस पुन्हा आला नाही. मीठ वेळेवर येत होतं. आणि सोनवळच्या निम्म्या लेकी नदीपलीकडच्या राज्यात सुखाने नांदत होत्या.

सोनवळची राणी सुवेणी. राजा गेल्यावर बारा वर्षं राज्य तिनेच राखलं. तिची एकुलती एक लेक कुमुदा, तीही नदीपलीकडे दिलेली. नदी अशी की या काठावरून हाक मारावी आणि त्या काठावरून ओ यावी. रोज सकाळी मायलेकी दोन काठांवर येऊन बोलत. कुमुदेला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती फाल्गुनात यायची होती. पन्नास दासी हाताशी असताना राणी स्वतः लाडवांसाठी डिंक निवडत बसे, आणि कुणी हात लावला तर रागवे.

पौषात चाळीस गावांची माणसं वाड्यापुढे जमली. म्हणाली, “राणीसाहेब, सूर्य आमच्या डोंगरावर उगवतो. त्याला थांबवणारे ते कोण? आम्हांला मेळ नको.” काही जण म्हणाले, “मेळ आहे म्हणून आपण आहोत.” तीन दिवस वाद झाला, भावाने भावाशी बोलणं टाकलं. शेवटी सोनवळच्या रीतीप्रमाणे देवीला कौल लावायचं ठरलं.

गुरवाने देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या डकवल्या आणि विचारलं, “माये, सूर्य आमचा का?” उजवी पाकळी पडली. एकच जल्लोष झाला. राणीच्या मात्र तिथल्या तिथे ध्यानात आलं. सूर्य आपला आहे का, एवढंच विचारलं गेलं. तो मागावा का, मागितला तर काय जाईल, हे कुणी विचारलंच नाही. आणि सोनवळात एका गोष्टीचा कौल दोनदा लावत नाहीत. राणी बोलली नाही. तिलाही सूर्य हवा होता.

ती राजधानीला गेली. खांद्यावर तिची साळुंकी, जी माणसांसारखी बोले आणि माणसांपेक्षा कमी बोले. चक्रवर्ती म्हातारे होते. ते गादीवरून उठून उभे राहिले.

“राणीसाहेब, आम्ही काय कमी केलं?”

“काही नाही, महाराज.”

“मग?”

“आमच्या घरात पाहुणा येतो, आणि त्याला आत घ्यायला आम्ही तुमची परवानगी मागतो. चार पिढ्या झाल्या.”

चक्रवर्ती परत गादीवर टेकले. “खरं सांगू? तुमचा सूर्य थांबतो, हे आमच्या कधी मनातही आलं नाही.”

“तेच तर, महाराज.”

त्यांनी निःश्वास टाकला. “किरण सोडवायला आमची आडकाठी नाही. पण गाठी मांत्रिकाच्या. त्या शंभर वर्षांतून एकदा, रथसप्तमीला सैल होतात. ती येत्या माघात आहे. त्या कशा सुटतील ते तुमच्या साळुंकीला विचारा, ती मघाशीच नाड्यावर बसून आली आहे.”

परतीच्या वाटेवर साळुंकीने सांगितलं. “पहिली गाठ खिंडीत. दुसरी मिठाच्या वाटेत. तिसरी नदीकाठी. तिसरी सुटली की सोनवळचा दिवस वेगळा आणि मेळाचा वेगळा. ज्यांचा दिवस एक नाही, त्यांना नदीपल्याडचं माणूस दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि नदी त्यांना उतार देत नाही.”

“कधीपर्यंत?”

“कधीपर्यंत असं काही नाही, राणी.”

राणीने हे सारं चाळीस गावांपुढे जसंच्या तसं सांगितलं. ज्यांच्या लेकी पलीकडे होत्या त्या बायांनी माना खाली घातल्या. आता कुणीतरी ‘नको’ म्हणेल, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. राणीही पाहत राहिली. गुरव हलकेच म्हणाला, “कौल झालाय, राणीसाहेब.” माणसं उठून घरोघर गेली.

रथसप्तमी उजाडली, म्हणजे उजाडायची थांबली. राणी खिंडीत गेली. तिथे आठ दगडी शिपाई उभे होते, मेळाच्या बाकी आठ राज्यांचे. राक्षसाला हाकलल्यावर तो पुन्हा येऊ नये म्हणून ते आपखुशीने दगड होऊन तिथे राहिले होते. त्यांना घरी पाठवलं की पहिली गाठ सुटणार होती.

“शिपाईहो, तुमची चाकरी झाली. घरी जा.”

दगड कुरकुरले. शिपाई वळले. त्यातला थोरला म्हणाला, “आमच्याकडून काही चुकलं का, बाईसाहेब?”

“नाही हो.”

“मग बरं,” तो म्हणाला, आणि गुडघ्यांतलं शेवाळ झाडत चालू लागला. आपली घरं आता कुठे असतील, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरी गाठ मिठाच्या वाटेत. ही वाट समुद्रकाठच्या राज्यातून दर अमावास्येला आपण होऊन सोनवळच्या वेशीशी येई, पाठीवर मिठाच्या गोणी घेऊन. राणीने ती चटईसारखी गुंडाळायला घेतली. वाट शहाणी, तिने अंग आखडून घेतलं. गुंडाळता गुंडाळता राणीच्या हातांना मीठ झोंबलं. शेवटचं टोक बांधून तिने ती गाडीवर ठेवली आणि गाडी पश्चिमेला लावून दिली.

मग ती नदीवर आली. नाड्याचं टोक पाण्यावरून पलीकडे गेलं होतं, आणि तिसरी गाठ पैलतीरावर होती. ती तिकडच्या माणसाने सोडायची, आणि ते माणूस सोनवळच्या रक्ताचं हवं होतं. कुमुदा रोजच्या जागी उभी होती. साळुंकीने तिला सगळं सांगितलेलं होतं. अंधुक तांबूस उजेडात तिचं जड पोट दिसत होतं.

“आईसाहेब, गाठ हातात आहे.”

“बाळ, थंडी आहे. शाल घेतलीस का?”

“घेतलीय.” ती थांबली. “आई, मी आत्ता उतार ओलांडून तिकडे आले तर?”

राणीला हे ऐकायचं होतं. रात्रंदिवस हेच ऐकायचं होतं. ‘ये’ एवढंच म्हणायचं होतं तिला. पण कुमुदेच्या मागे तिचा नवरा उभा होता. तो पुढे येत नव्हता, तिला अडवत नव्हता, नुसता उभा होता.

“परत जाता यायचं नाही, बाळ.”

“ठाऊक आहे.”

“मग मी ये म्हणणार नाही.”

कुमुदा रडली. रडता रडता हसली आणि म्हणाली, “डिंकाचे लाडू एकटीने खाऊ नकोस. दात हलतात तुझे.”

“कुमुदे, मी देवीला विचारायला हवं होतं. मी गप्प बसले.”

“पुढच्या महिन्यात, मी माहेरी आल्यावर विचारलं असतंस तर बरं झालं असतं, आई.” ती रागाने बोलली नाही, आणि तेच राणीला सोसलं नाही. “सोडू?”

राणी मागे वळली. चाळीस गावं टेकडीवर उभी होती, गाई घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन.

“सोड,” राणी म्हणाली. आणि लगेच ओरडली, “थांब! नाव काय ठेवणार आहेस?”

कुमुदेची बोटं गाठीत होती. तिने मान वर केली आणि नाव सांगितलं. पहिल्या अक्षराला तिचे ओठ मिटले, ते राणीने पाहिलं. त्याच क्षणी गाठ सुटली, आणि नाव अलीकडे पोचलंच नाही.

सूर्य वर आला. नगारा वाजला नव्हता आणि सूर्य वर आला. कमळं पुरती उघडली, गाईंनी पान्हा सोडला. वरच्या आळीत त्याच घटकेला एका सुताराची बायको बाळंत झाली, आणि जोशीबुवा पंचांग डोक्यावर घेऊन नाचले, कारण चार पिढ्यांत पहिल्यांदाच त्या वेळी जन्मलेल्या पोराला वेळ मिळाली होती. लोकांनी गुलाल उधळला, एकमेकांना मिठ्या मारल्या. बोलणं टाकलेले भाऊ बोलू लागले. शाप सुटला होता. नदीवर मात्र धुकं आलं, आणि ते गेलं नाही.

पुढे सोनवळने खिंडीत स्वतःचे शिपाई बसवले आणि दूरच्या डोंगरातून मीठ आणलं. ते जरा कडू लागे. लोकांना त्याची सवय झाली. राज्य नीट चाललं. राणीने न्याय केला, तळी बांधली.

एकदा गुरवाने भीत भीत विचारलं, “राणीसाहेब, चुकलं का आपलं?”

“सूर्य आपला होता,” राणी म्हणाली. “मला तो हवा होता. पण मला ती जास्त हवी होती, आणि हे मला त्या काठावर कळलं.”

ती म्हातारी झाली तरी रोज पहाटे नदीवर जाई. मिटल्या ओठांनी सुरू होणारी नावं ती एकेक करून धुक्यात हाकारी. मंजिरी. पद्माक्षी. भानू. बकुळा. मुलगा असेल म्हणून माधव, प्रतापही. प्रत्येक नावानंतर थोडं थांबून ऐके. मग ऊन पाठीवर येई, वेळेवर, आणि ती वाड्याकडे परत फिरे.