आंबेखडपावरची शिडी

आंबेखडपाच्या बेटावर होडी लागली की रानाच्या तोंडाशीच एक जुना आंबा दिसतो. त्याला बांबूची शिडी कायमची टेकवलेली आहे. शिडीच्या टोकाला झाडाची ढोली. पाहुणे विचारतात, मध काढता का? बेटावरचे म्हातारे हसतात आणि म्हणतात, बसा जरा, पाणी प्या.

ही शिडी ककणेरासाठी आहे. काळापांढरा, मोठ्या चोचीवर टोप घातलेला हा पक्षी. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नर फळं आणून भरवतो म्हणून ती जगते. किनाऱ्यावरची मोठी झाडं गेली तसा हा पक्षीही तिथून उठला. पक्ष्यांच्या मोजणीला येणारे साहेब सांगतात, तो धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. आंबेखडपाला हे नवीन नाही. इथे तो त्या उंबरठ्यावर फार पूर्वी येऊन गेला होता, आणि त्याच्याबरोबर एक बाईसुद्धा.

तिचं नाव सगुणी. नवरा धाकू मेस्त लाकूडतोड्या. असे सांगतात की एका शेठसाठी धाकूने हिवाळाभर बेटावरच्या आंब्यांचे सोट पाडले आणि शेठच्या गलबताने ते किनाऱ्याला नेले. शेवटचा माल गेला, गलबत आता नारळी पौर्णिमेनंतर येणार होतं. नवराबायको आपल्या होडीने परतणार, तोच वादळ झालं आणि होडी खडपाच्या कातळावर आपटून फुटली. उरल्यासुरल्या काठ्यांचा तराफा बांधला, तो लाटांनी पहिल्याच दिवशी सुटा केला. धूर करून पाहिला. किनाऱ्यावरच्यांना वाटलं, लाकूडतोडे भात शिजवताहेत.

सगुणी पोटुशी होती. समोर तिच्या माहेरच्या चुलींचा धूर दिसायचा. पहिलं बाळंतपण आईजवळ व्हायचं, हे तिने लग्नाच्या दिवशीच धरून ठेवलेलं. ती दिवस दिवस खडपावर बसून राही आणि मग रानात जाऊन धाकूवर उगाचच डाफरे.

त्यातच तिला मटणाचे डोहाळे लागले. बेटावर मटण कुठलं? धाकूने फणसाचा चीक उंबराच्या फांदीला फासला. एक मोठा काळापांढरा पक्षी चिकटला. सगुणीने तो चाटूनपुसून खाल्ला आणि कितीतरी दिवसांनी भरल्या पोटी झोपली.

डोणी, म्हणजे एका खोडाची होडी, कोरण्याजोगा एकच आंबा उभा होता. बाकीचे त्यांनीच पाडले होते. धाकूने कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून पाहिलं, आतून पोकळ किती आहे ते कळावं म्हणून. तर आतून कुणीतरी उलट ठोकलं. दोघं दचकली. वर फटीतून एक चोच बाहेर आली आणि भिकाऱ्याच्या हातासारखी उघडी राहिली.

सगुणीला सगळं उमजलं.

"मारू घाव?" धाकूने विचारलं.

"नको. ती भायर येयसर नको."

"तवसर समुद्र बंद होतलो, सगुणे. हयच अडाकशीत."

"अडाकलंय तर अडाकलंय. तिचो दादलो माझ्या पोटात गेलो."

हे बोलली खरी, पण ती काही देवी नव्हती. धाकू शिडी बांधून उंबरं वर नेई आणि ही खालून त्या मादीला शिव्या घाली. "भायर ये गो भवाने, तुझ्यापायी माजा म्हायेर ऱ्हवला!" रडून झालं की पुन्हा पदर खोचून उंबरं वेचायला जाई.

ज्येष्ठात मादीने लिंपण फोडलं. एक दिवस फांदीवर धडपडली, मग पिल्लाला घेऊन सरळ समुद्रावरून किनाऱ्याकडे उडाली आणि संध्याकाळी रानात परतली. सगुणीला तिचा इतका हेवा वाटला की ती तिच्याकडे बघेना. डोणी कोरायला आता वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी समुद्र उसळला. आषाढात झोपडीत ती बाळंत झाली. हात धरायला एकटा धाकू. फार हाल झाले म्हणे, पण मुलगी वाचली, तीही वाचली.

पौर्णिमेनंतर गलबत आलं. तांडेलाने हाक मारली, "चल गो, आवस वाट बघता तुजी." सगुणी मुलीला घेऊन गुडघाभर पाण्यात गेली. गलबतात तिला करवती दिसल्या. शेठने उरलेला आंबा मागवला होता.

ती पाण्यातच थांबली. ज्या दिवसासाठी तिने जीव धरून ठेवला होता तो हाच. मग ती मागे वळली.

"मी गेलंय काय ह्या झाड ऱ्हवाचा नाय," ती म्हणाली, आणि मुलीला घेऊन आंब्याला पाठ लावून बसली. धाकू तिच्या शेजारी जाऊन बसला. गलबत करवती घेऊन तसंच परत गेलं. माहेर रोज समोर दिसत राहिलं, पण सगुणी तिथे पुन्हा कधीच गेली नाही. असे सांगतात की तिची आईच म्हातारपणी होडीत बसून इकडे आली.

बेटावरची सगळी घरं त्या मुलीच्या वंशातली. आजही इथे डोहाळजेवणाचं पान पोटुशीपुढे लगेच वाढत नाहीत. आधी तिचा नवरा उंबरं घेऊन शिडी चढतो, ती खालून शिडी धरते. ढोलीत कुणी असो वा नसो, तो फळ ठेवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "तुझो घोव आमी खाल्लो. आता घास आमी भरवतलव."