भंतेजींना भूक लागते

"तुम्ही दुपारी बारानंतर अन्नाला शिवत नाही. मी तर दिवस दिवस शिवत नाही. मग तुम्ही साधू आणि मी आजारी, हे कसं काय, भंतेजी?"

उत्पलानं हे विचारलं तेव्हा मी विहाराच्या दारात सतरंजी झटकत होतो. हातच थांबला माझा. एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडली, नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण भंते रेवतांना असं तोंडावर विचारणारं कुणी पाहिलं नव्हतं.

ही उत्पला गजभिये, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वॉर्डात चक्कर येऊन पडली म्हणून कॉलेजनं घरी पाठवली. तिची आई आमच्या गावची अंगणवाडीसेविका. सकाळी पोरीला आणि डब्याला घेऊन तीच टेकडी चढून आली होती.

जाताना दारात मला म्हणाली, "गावाच्या लेकरांची वजनं वाढवते मी, दौलतभाऊ. माझ्याच पोरीपुढं हात टेकले."

मी तिच्या हातातला डबा घेऊन आत ठेवला.

भंतेजी प्रश्नावर रागावले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"हृदयाचे ठोके मंद झालेत. असंच चाललं तर कधीही काहीही होऊ शकतं." तिनं घडी घातलेला कागद पुढं केला. "काय खायचं, किती वाजता खायचं, सगळं लिहून दिलंय."

भंतेजींनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. दोनदा वाचला.

"बरोबर लिहिलंय. यात भर घालण्याइतका मी शिकलेलो नाही."

"मग आता खिरीची गोष्ट सांगाल. बुद्धांनी उपास सोडून खीर घेतली, ती."

"नाही सांगत. तुला पाठ असेल."

"पाठच आहे. धम्मवर्गात पहिलं बक्षीस मिळालं होतं त्या गोष्टीला."

मला हसू आलं. भंतेजींनाही आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं.

"बरं व्हायचंय तुला?"

ती बोलली तेव्हा मघाचा ताठा आवाजात नव्हता.

"व्हायचंय. खरंच व्हायचंय. सकाळी उठले की वाटतं, आजपासून. मग ताट समोर येतं आणि भीती वाटते. इच्छाच मरते. एकदा मनापासून वाटू दे, भंतेजी, मी जेवेन. माझं मन तेवढं तयार करून द्या."

"किती दिवस वाट पाहतेयस त्याची?"

"दोन वर्षं."

भंतेजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेअकरा होत आले होते.

"मला भूक लागलीय," ते म्हणाले.

उत्पला दचकली. दोन वर्षांत हा शब्द तिनं स्वतःच्या तोंडून काढला नसणार. आणि इथं पंचाहत्तरीचा एक भिक्खू तहान लागल्यासारखं सहज सांगत होता.

भिक्खूंचा एक नियम इथं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुणी हातानं दिल्याशिवाय ते अन्न घेत नाहीत. डबा समोर असला तरी नाही. आणि बारा वाजले की त्या दिवसाचं जेवण संपलं, पोटात काही गेलेलं असो वा नसो.

रोज मीच वाढतो. म्हणून सवयीनं उठलो, तर भंतेजींनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

"काका, वाढा ना त्यांना," उत्पला म्हणाली.

मी सतरंजीच्या दशा मोजू लागलो.

"तुम्ही उपाशी राहाल, भंतेजी."

"राहीन."

"मुद्दाम करताय तुम्ही हे."

"हो."

घड्याळाचा काटा सरकत होता. पावणेबारा झाले.

"अन्नाजवळ गेले की माझे हात थरथरतात."

"थरथरू दे. सांडलं तर दौलतभाऊ पुसतील."

ती उठली. डबा उघडला. भाताचा वास आला तशी तिनं मान फिरवली, पण झाकण परत लावलं नाही. दोन्ही हातांनी तिनं भंतेजींच्या भिक्षापात्रात भात वाढला, लाखोळीच्या डाळीचं वरण घातलं, वालाच्या शेंगांची भाजी घातली. थोडं सांडलंच. मी जागचा हललो नाही.

भंतेजी जेवू लागले. सावकाश, एकेक घास. मध्ये एकदा पात्र पुढं केलं. "भाजी."

तिनं वाढली. या वेळी सांडली नाही.

बाराचे ठोके पडले तसा भंतेजींचा हात थांबला. पात्रात दोन घास शिल्लक होते. ते त्यांनी तसेच ठेवले, हात धुतले आणि मघाचा कागद तिच्यापुढं सरकवला. बोट एका ओळीवर टेकवलं. 'दुपारी १२. भात, वरण, भाजी.'

"माझी वेळ संपली. तुझी सुरू झाली."

"पण मला अजून इच्छा झालेली नाही, भंतेजी."

"मला तरी थांबायची इच्छा कुठं होती? भाजी झकास होती."

ती त्यांच्याकडं बघतच राहिली... मग त्या दोन घासांकडं...

खाली गावात कुणाची तरी गिरणी सुरू होती, तेवढाच आवाज.

उत्पलानं कोपऱ्यातलं ताट ओढलं. स्वतःच्या हातानं वाढून घेतलं, कागदात लिहिलं होतं तेवढं. पहिला घास तोंडात धरून बसली, डोळ्यांतून पाणी. गिळला. दुसरा घेतला. मध्ये एकदा ताट दूर सारलं, परत जवळ घेतलं. पाऊण तास लागला. भंतेजी समोर बसून होते, "शाब्बास" म्हणाले नाहीत की "आणखी" म्हणाले नाहीत. मला मात्र रडू आलं, खोटं कशाला सांगू.

ताट रिकामं झालं. तिनं पदराला पुसावेत तसे ओढणीला हात पुसले. चेहरा भ्यालेलाच होता, पण जबडा घट्ट होता.

"आज जेवले. आनंद झाला नाही, भंतेजी. भीती गेली नाही."

भंतेजींनी मान डोलावली.

"आणि उद्याही मन तयार नसलं तर?"

"तर त्याला राहू दे घरी. तू ये."