डॉक्टर घाटपांड्यांचं बीपी

उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टर घाटपांड्यांचं मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. एका सकाळी त्यांनी दंडाला बीपी मशीनचा पट्टा बांधला, वॉर्डबॉयला झाडता झाडता बटण दाबलं आणि आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर.

"हे मशीन बाद झालंय," ते गरजले. यंत्रदुरुस्तीच्या इंटर्नशिपला आलेल्या तबस्सुम मुलाणीला त्यांनी बोलावून घेतलं. "दुपारपर्यंत दुरुस्त कर. नाहीतर मशीन भंगारात जाईल आणि तुझ्या वहीवर माझी सही विसर."

बाळंतिणींच्या वॉर्डात तेवढं एकच मशीन होतं. तबस्सुमने सिस्टरचं बीपी त्यावर घेतलं, मग कपाटातल्या जुन्या पाऱ्याच्या यंत्रावर घेतलं. दोन्ही आकडे जुळले.

दुपारी तिने डॉक्टरांना खुर्चीत बसवून पट्टा बांधला आणि त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला. "हाही तपासायचाय, सर. पाच मिनिटं तोंड उघडू नका."

डॉक्टरांनी डोळ्यांनीच बरंच सुनावलं, पण ओठ मिटून बसले. पाच मिनिटांनी तिने बटण दाबलं. एकशे बत्तीस.

"आता कसं बरोबर आलं," थर्मामीटर काढत डॉक्टर खुशीत म्हणाले. "कुठला पार्ट बदललास?"

"मशीन उघडलंसुद्धा नाही, सर. ज्यांना लावलं, त्यांना फक्त पाच मिनिटं गप्प बसवलं."

डॉक्टरांनी ओरडायला तोंड उघडलं, मशीनकडे पाहिलं, मिटलं आणि वहीवर सही केली.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डबॉय समोर आला, की डॉक्टर आधी खिशातला थर्मामीटर तोंडात धरू लागले.